थॅकोची उलटी मोजणी सरळ करताना

प्रश्न : आमचा गट ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची १९८९ची दुसरी आवृत्ती खेळतो. नवे खेळाडू थॅकोपाशी (आर्मर क्लास ० असलेल्या शत्रूला वार लागायला फाशावर हवा असलेला आकडा) हमखास अडतात. आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, जितका कमी तितका बचाव भक्कम, हे त्यांच्या गळी उतरत नाही. नियम बदलले तर जुनी मॉड्यूल्स (तयार साहसकथांची पुस्तकं) वाया जातील का?

उत्तर : मुळीच नाही. दोनच वजाबाक्या आहेत. २० मधून जुना आर्मर क्लास वजा करा, तो झाला नवा आर्मर क्लास. २० मधून थॅको वजा करा, तो हल्ल्याचा बोनस. वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्यात बोनस मिळवायचा. बेरीज नव्या आर्मर क्लासइतकी किंवा जास्त झाली की वार लागला.

ताळा करून बघा. सातव्या लेव्हलच्या फायटरचा (लढवय्याचा) थॅको १४, शत्रूचा आर्मर क्लास ३. जुन्या हिशेबाने फाशावर १४ उणे ३, म्हणजे ११ हवेत. नव्या हिशेबाने बोनस ६, आर्मर क्लास १७, म्हणजे पुन्हा ११च. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीतही आर्मर क्लास असाच चढता केला आहे.

घोळ होतो तो चिन्हांचा. उणे २ आर्मर क्लासचे २२ होतात; घाईत १८ लिहिले जातात आणि भयंकर प्राणी लेचापेचा होतो. ढालीचा एक आता मिळवायचा. डेक्स्टेरिटी (चपळाई) १६ असेल तर बचावात उणे २ असतात, तेही अधिक २ करा. नाहीतर चपळ पात्रच जास्त मार खातं. म्हणून खाडाखोड न करता कॅरेक्टर शीट (पात्राच्या आकड्यांचा तक्ता) कोऱ्या कागदावर उतरवा. (१९८१च्या बेसिक संचात चिलखताविना आर्मर क्लास ९ असतो, तिथे दोन्ही वजाबाक्या १९ मधून.)

प्रश्न : स्ट्रेंग्थचे (ताकदीचे) बोनसही तिसऱ्या आवृत्तीतले घ्यावेत का?

उत्तर : कृपा करून नको. दुसऱ्या आवृत्तीत स्ट्रेंग्थ १६ला वार लागण्यासाठी काहीच मिळत नाही, इजेत फक्त १ वाढतो. तिसरीत दोन्हीकडे ३. म्हणजे वार लागण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढते, पण ऑर्क या राक्षसाचे हिट पॉइंट (किती इजा सोसेल तो आकडा) मात्र आठ बाजूंच्या एका फाशाचेच राहतात. मग लाँगस्वोर्डचा (लांब तलवारीचा) अगदी हलका वारही १ अधिक ३, म्हणजे ४ इजा करतो आणि निम्मे ऑर्क तेवढ्यातच आडवे होतात.

एक्सपीचे (अनुभवाच्या गुणांचे) तक्तेही आहेत तसेच ठेवा. थीफला (चोराला) दुसऱ्या लेव्हलसाठी १२५०, फायटरला २०००, मेजला (जादूगाराला) २५०० लागतात. हा आकडा सगळ्यांना सारखा केला, तर लढाईत कमजोर असलेल्या थीफला लवकर वर चढण्याची जी भरपाई मिळते, तीच जाते.