जुना लॅपटॉप की नवा हप्ता?

आपला लॅपटॉप २०१६ चा असून त्यात सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. त्यावर विंडोज ११ बसत नाही, तेव्हा बारा हप्त्यांत नवा घ्यावा की यावरच लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली बसवावी, असे आपण विचारले आहे.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातील सुरक्षेची सोय) व साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. म्हणजे यंत्र धडधाकट आहे. संपली ती त्यावरील प्रणालीची मुदत. ही अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, परंतु अशा यंत्राला पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्यावरून आपण बँकेचे व्यवहार करता त्या यंत्रावर हा जुगार मी सुचवणार नाही.

लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार विनामूल्य आहे, त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत आणि आपली ४ जीबी रॅम तिला पुरेशी आहे. त्यामुळे पैसे घालायचेच तर ते एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, घालावेत, कारण जुन्या लॅपटॉपचा संथपणा बहुतेक वेळा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमुळे असतो. एसएसडी आणि गरज असल्यास बॅटरी मिळून खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या पाव हिश्श्यापलीकडे जात असेल, तर मात्र थांबावे. हा ठोकताळा माझा स्वतःचा आहे. त्याआधी मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे, म्हणजे डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर यांची परीक्षा होते. सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे काढल्यावरच प्रणाली बदलावी.

आपण हिशेबाची कामे घरून करता, असेही लिहिले आहे. ते सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालत असेल, तर लॅपटॉप हे कमाईचे साधन ठरते आणि नवा घेणे रास्त आहे. तसे नसेल, तर हप्ते नकोत, कारण बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांतही अनेकदा प्रक्रिया शुल्क लागते किंवा रोखीची सवलत हातची जाते. मिंट बसवूनही हा लॅपटॉप कधीतरी बंद पडेलच. त्यासाठी पहिला हप्ता ज्या तारखेला गेला असता, त्याच तारखेपासून तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या बचत खात्यात वळती करावी.