ग्रुपला जायला आधी दारू सुटलेली असावी लागत नाही

तुम्ही लिहिलंय, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ग्रुपची चौकशी करायला गेलात तिथे "आधी तीन आठवडे न पिता राहून दाखवा, मग ग्रुपचं बघू" असं ऐकवलं. म्हणून आता घरातच एकदम बंद करणार आहात, आणि नंतर मीटिंगला गेलात तर पत्नीला सोबत न्यावं का, असं विचारलंय. हे वाचून राहवलं नाही. जवळजवळ याच शब्दांत मलाही एका समुपदेशन केंद्रातून परत पाठवलं होतं. केंद्राचं नाव इथे लिहीत नाही.

आधी तातडीचं सांगतो. मी डॉक्टर नाही, पण रोज भरपूर पीत असाल तर डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. त्यानंतर, बहुतेक ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, काहींना भास होतात, ताप चढतो, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. हात थरथरणं, सकाळी घेतल्याशिवाय उठताच न येणं, पूर्वी कधी फिट आलेली असणं, यातलं काही असेल तर आजच डॉक्टरांना गाठा. किती पिता ते खरं सांगा, निम्मं करून सांगू नका, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो.

मला त्या केंद्रात यातलं काहीही विचारलं नाही. किती पितो, कधीपासून पितो, काही नाही. फॉर्मवर एक रकाना होता, 'किती दिवसांपासून बंद', तो रिकामा दिसला आणि फॉर्म परत हातात आला. सांगितलं तसं मी घरी जाऊन बंद केलं आणि दुसऱ्या रात्री फिट आली. घरचे जागे होते म्हणून वाचलो. तरी सगळ्यात जास्त नुकसान त्या रात्रीने केलं नाही. ग्रुप हा ज्यांची सुटलीय त्यांच्यासाठी असतो आणि आपण त्या लायकीचे नाही, हे डोक्यात बसलं ते कित्येक वर्षं निघालं नाही. त्या वर्षांत काय काय गेलं ते लिहीत नाही. मदत मागायला आलेल्या माणसाला 'आधी बरा हो, मग ये' म्हणणाऱ्याने त्या खुर्चीत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संस्था. तिच्या तिसऱ्या परंपरेत, म्हणजे ग्रुप चालवण्याच्या तिसऱ्या तत्त्वात, सदस्यत्वासाठी एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. किती दिवस बंद हवी, याचा त्यात उल्लेखही नाही. या संस्थेचे दोन संस्थापक, बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ, मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात भेटले. त्या भेटीनंतरही डॉ. बॉब एकदा प्याले. त्यांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा मानतात आणि तोच दिवस संस्थेचा स्थापना दिवस धरला जातो. तीन आठवड्यांची अट असती तर डॉ. बॉबनाही दारातून परत जावं लागलं असतं.

तेव्हा मधल्या कुणाची परवानगी न घेता सरळ या संस्थेच्या मीटिंगला जा. मीटिंगच्या यादीतल्या वेळा आणि जागा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी संस्थेच्या हेल्पलाइनला फोन करून खात्री करा. फी नाही. टोपली फिरते, त्यात नवीन माणसाने काही टाकलंच पाहिजे असं नाही. पहिलं नाव सांगितलं तरी चालतं, आणि बोलायची वेळ आली की "आज फक्त ऐकतो" म्हणा, कुणी आग्रह करणार नाही. त्या दिवशी प्यालेले असाल तरी जा, फक्त गाडी चालवू नका आणि तिथे ऐकत बसा. प्यालेल्याने त्या दिवशी शेअरिंग, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगणं, करू नये अशी काही ग्रुपमध्ये पद्धत आहे. कुणी ओळखेल ही धास्ती मलाही होती, पण ओळखणाराही त्याच कारणासाठी तिथे बसलेला असतो.

एका ग्रुपवरून मत बनवू नका, निदान तीन-चार बघा. एकाच पद्धतीचे ग्रुप असले तरी माणसं वेगळी, हवा वेगळी. दारूतून सावरण्यासाठी या संस्थेने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमधला ईश्वराचा उल्लेख खटकला तर १९९४ पासून चालत आलेली स्मार्ट रिकव्हरी ही वेगळी वाट आहे, तिचा पाया मानसशास्त्रातल्या तंत्रांवर आहे. मला स्वतःला पायऱ्यांचा उपयोग झाला, तुमचं वेगळं असू शकेल. आणि एखादा जुना सदस्य म्हणाला की डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेणारा खरा सोबर नाही, तर त्याचं अजिबात ऐकू नका. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, असं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं स्वतःचंच म्हणणं आहे.

आता पत्नीबद्दल. खुल्या मीटिंगला त्या तुमच्यासोबत येऊ शकतात. बंद मीटिंग फक्त ज्याला पिण्याचा त्रास आहे त्याच्यासाठी असते, तेव्हा फोनवर हेही विचारून घ्या. आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. तुम्ही मीटिंगला जा किंवा न जा, त्या तिथे एकट्या जाऊ शकतात. हे त्यांना आजच सांगा, तुमचं ठरेपर्यंत त्यांनी थांबायचं काही कारण नाही.