दोन वर्षांची करमाफी : अमेरिकेत शिकवायला, संशोधनाला जाणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाणीच्या) व्हिसावर पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, पुण्याहून निघालोय. भारत-अमेरिका कर-कराराच्या कलम २२ने तिथला कर आपोआप माफ होतो ना?

उत्तर : नाही. विद्यापीठाच्या पेरोलकडे फॉर्म ८२३३ (करारानुसार पगारातून कर न कापण्याचा अर्ज) दरवर्षी द्यावा लागतो, आणि माफी मिळाली तरी विवरणपत्र चुकत नाही.

प्रश्न : पीएच.डी. करतेय, रिसर्च असिस्टंट म्हणून पगार मिळतो. कलम २२ लागू होईल?

उत्तर : सहसा नाही. विद्यार्थ्यांसाठी कलम २१ आहे, त्यात स्टँडर्ड डिडक्शन मिळतं.

प्रश्न : १४ ऑगस्ट २०२४ला आलो. प्रोफेसर डिसेंबर २०२६पर्यंत मुदत वाढवताहेत. लॅबमधले म्हणतात, पहिली दोन वर्षं माफ, पुढचाच कर भरायचा.

उत्तर : हेच ऐकून लोक अडकतात! भारत-अमेरिका कराराचं कलम २२ 'दोन वर्षांपेक्षा जास्त नसलेल्या' भेटीसाठी आहे. मुक्काम लांबला की माफी पहिल्या दिवसापासून जाते. म्हणजे २०२४ आणि २०२५ची विवरणपत्रं १०४०-एक्स या फॉर्मने दुरुस्त करायची, वाचलेला सगळा कर व्याजासह भरायचा. परवा एका संशोधिकेने आगमनाची नोंद आणि मुदतवाढीचा डीएस-२०१९ (जे-१ची मुदत दाखवणारा कागद) माझ्यासमोर ठेवला. दोन वर्षांवर फक्त अकरा दिवस जात होते, आणि सही आधीच झाली होती. मोजणी नेमणुकीच्या तारखेपासून नाही, या कामासाठी पहिल्यांदा पाऊल ठेवल्यापासून होते. मधे सुट्टीला घरी आलात म्हणून घड्याळ नव्याने सुरू होत नाही. पहिलाच डीएस-२०१९ तीन वर्षांचा असेल तर दावा करण्याआधीच थांबा. 'रिफंड काढून देतो, टक्केवारी द्या' म्हणणारे एजंट हा हिशेब सांगत नाहीत, आणि नोटीस येते तुमच्या नावावर. मुदतवाढीच्या कागदावर सही करण्याआधी विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय आणि अनिवासींचा कर जाणणारा सल्लागार, दोघांनाही तारखा दाखवा. सही झाली असेल तर याच आठवड्यात.

प्रश्न : कंपनीच्या संशोधन केंद्रात आहे. चालेल?

उत्तर : नाही. संस्था विद्यापीठ, कॉलेज किंवा मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्था हवी, आणि संशोधन सार्वजनिक हिताचं.

प्रश्न : तिथे माफ आहे, मग भारतात दाखवायचं कशाला?

उत्तर : जानेवारीत गेलात तर त्या मार्चअखेरच्या वर्षात तुमचे भारतातले दिवस १८२च्या वर जातात, तुम्ही निवासी ठरता आणि तिथला पगार इथे करपात्र होतो. तिकडे कर भरलेलाच नसतो, त्यामुळे इथल्या करातून वळतं करायला क्रेडिटही नाही. दिवस मोजून सीएंना विचारा.

प्रश्न : कॅलिफोर्नियाचा राज्य करही माफ होतो का?

उत्तर : नाही, ते राज्य हा करार मानत नाही. पगार ठरवतानाच तो कर धरा.