एपीआयच्या सगळ्या उत्तरांना एकच साचा द्यावा का, आणि चूक असतानाही 200 पाठवावा का?

आपण लिहिले आहे की, एपीआय (ॲप आणि सर्व्हर यांच्यातला संवादाचा दुवा) तिघांनी मिळून लिहिल्यामुळे त्यातल्या प्रत्येक एण्डपॉइंटचे (मागणी स्वीकारणाऱ्या पत्त्याचे) उत्तर वेगळ्या आकाराचे येते, म्हणून सगळ्यांना ‘सक्सेस, डेटा, मेसेज’ असे एकच वेष्टन घालून स्टेटस कोड (उत्तरासोबत जाणारा निकालाचा आकडा) कायम 200, म्हणजे ‘सगळे ठीक’, ठेवण्याचा विचार आहे. वेष्टन घालावे की नाही हा बराचसा आवडीचा भाग आहे. कायम 200 ठेवणे मात्र चूक आहे, आणि ती मी स्वतः करून बसलो आहे.

मी कोल्हापुरात गुळाच्या अडत व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या मोबाइल ॲपमधले कॅशिंग (आलेली उत्तरे साठवून ठेवणारा भाग) फक्त स्टेटस कोड पाहत असे, त्यामुळे ‘लॉगिनची मुदत संपली’ हा 200 घेऊन आलेला निरोपच त्याने दरपत्रक समजून साठवला आणि ऐन सौद्याच्या वेळी अडत्यांच्या फोनवर कोरा पडदा राहिला. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र सगळे आलबेल दिसत होते, कारण तिथेही 200 च नोंदला जात होता.

म्हणून आधी चुकांचा साचा ठरवा, आणि तो नव्याने शोधू नका. आरएफसी 9457 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात तो तयार आहे; 2016 च्या आरएफसी 7807 ची जागा त्याने 2023 मध्ये घेतली. त्यात टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल आणि इन्स्टन्स अशी पाच फील्ड्स आहेत, शिवाय कोणत्या रकान्यात चूक झाली हे सांगायला आपली जादा फील्ड्सही जोडता येतात. क्लायंटने निर्णय घ्यायचा तो टाइपवरून. डिटेलमधला मजकूर माणसासाठी असतो, त्यामुळे उद्या तिथले मराठी वाक्य सुधारले तरी कोणाचा कोड मोडत नाही.

यशस्वी उत्तरात यादी नेहमी ऑब्जेक्टच्या आत ठेवा, म्हणजे पुढे पेजिनेशन (यादी पानापानाने देणे) जोडताना आकार बदलावा लागणार नाही. सौदे नसलेल्या दिवसाची यादी म्हणजे 200 आणि रिकामा ॲरे. 404, म्हणजे ‘सापडले नाही’, द्यायचा तो मागितलेली एखादी पट्टीच (सौद्याच्या हिशेबाची पावती) अस्तित्वात नसेल तेव्हा.

बाहेरचा साचा जुळला तरी आतल्या मूल्यांकडे लक्ष हवे. आमच्यातल्या एकाने दर ‘4,200’ असा स्वल्पविरामासह स्ट्रिंगमध्ये (मजकूर म्हणून) पाठवला, जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटने (मजकुरातून आकडा काढणाऱ्या फंक्शनने) स्वल्पविरामापाशी थांबून 4 काढला, आणि गूळ चार रुपये क्विंटल झाला! (त्यावरून आमची थट्टा अजून होते.) आता आम्ही रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून पाठवतो आणि वेळ आयएसओ 8601 या तारीख-वेळ लिहिण्याच्या मानकाप्रमाणे, +05:30 (भारतीय वेळ) सह.

हे सगळे चालू आवृत्तीत घुसडू नका, ‘व्ही2’ काढा. आणि चूक कळवणारे उत्तर प्रत्येकाने हाताने न बांधता एकाच मिडलवेअरमधून (सगळ्या उत्तरांच्या वाटेवरच्या सामाईक कोडमधून) बाहेर पडू द्या, नाहीतर तिघांचे पुन्हा तीन साचे होतील.