शंका आली की काडतूस मोडायचं

प्रिय,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. परवाना, जागा, प्रेस, डाय (काडतुसाची पितळी पुंगळी दाबून मापात आणणारा साचा), सगळं रीतसर झालंय आणि आता घरीच रायफलची काडतुसं भरायला बसायचंय, हे वाचून बरं वाटलं. कुठली पावडर आणि किती ग्रेन (वजनाचं बारीक एकक), हा तुझा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मी देणार नाही. ते पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या ताज्या लोडिंग पुस्तकातूनच घे. माझ्या आठवणीवर किंवा मित्राच्या वहीवर विसंबू नकोस. पुस्तकात सुरुवातीचं वजन दिलेलं असतं, तिथून सुरू करायचं आणि थोडं थोडं वर जायचं. प्रायमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी), गोळी, पुंगळी यांपैकी काहीही बदललं की पुन्हा खालून सुरुवात.

मला बोलायचंय ते अपघातांबद्दल. मी जे अपघात पाहिले, त्यांतले बहुतेक अज्ञानातून झालेले नव्हते. सगळं माहीत असलेल्या माणसाचं दोन मिनिटं लक्ष उडालं आणि ते घडले. लक्ष तुझंही उडणार. म्हणून मी ‘नीट लक्ष दे’ एवढं सांगून थांबत नाही. कामाची मांडणीच अशी कर, की चूक झाली तर ती डोळ्यांना दिसली पाहिजे.

सुरुवात पावडरपासून. टेबलावर एका वेळी एकच डबा. रायफलच्या बऱ्याच पावडरी करड्या-काळ्या बारीक कांड्यांच्याच असतात, नुसतं बघून त्या ओळखता येत नाहीत. त्यात नावंही फसवी. एच-४३५० आणि आयएमआर-४३५० यांचा आकडा एकच, पण त्या दोन वेगळ्या पावडरी आहेत आणि एकीची मापं दुसरीला चालत नाहीत. काम संपलं की मापकातली उरलेली पावडर तिच्याच डब्यात परत जायला हवी. ‘उद्या पुन्हा बसायचंच आहे’ म्हणून ती तशीच ठेवली, की आठवड्याने ती नेमकी कोणती यावर तूच विचारात पडशील. लेबल नसलेली पावडर कितीही महाग असली तरी वापरायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दुप्पट भरणं आणि न भरणं. रायफलमध्ये पुंगळी बऱ्यापैकी भरेल अशी पावडर निवडलीस, तर चुकून दुसऱ्यांदा ओतताना ती तोंडातून सांडते आणि चूक जागीच उघडी पडते. जलद जळणारी पावडर थोडीशी घालून केलेले हलके लोड म्हणूनच नवख्याने करू नयेत. त्यात दुप्पट पावडर निमूट मावते. उलट, एखादी पुंगळी रिकामीच राहिली तर एकटा प्रायमरही गोळीला ढकलून नळीच्या आट्यांमध्ये अडकवू शकतो. हा फुसका बार मोठ्या बारापेक्षा जास्त घातक, कारण त्यात माणूस दचकत नाही. सवयीने बोल्ट (काडतुसामागचा सरकता दट्ट्या) मागेपुढे करतो आणि पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर झाडतो. नळी फुगते किंवा फुटते. आवाज किंवा धक्का जरा जरी वेगळा वाटला, की बोट ट्रिगरवरून काढायचं. नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं. मग रायफल रिकामी करून नळीतून सळई आरपार जाते का ते पाहायचं. ती जात नसेल तर त्या दिवसाची नेमबाजी संपली. अडकलेली गोळी दुसऱ्या गोळीने काढायचा विचारही मनात आणू नकोस.

यावर माझा भरवसा एका साध्या कृतीवर आहे. ब्लॉकमधल्या (पुंगळ्या उभ्या ठेवायच्या फळीतल्या) सगळ्या पुंगळ्या भरून झाल्या की गोळी बसवण्याआधी दिवा तिरका धरून वरून एकेका रांगेवर फिरवायचा. प्रत्येक पुंगळीच्या मानेच्या, म्हणजे तोंडाजवळच्या अरुंद भागाच्या, आत पावडरची पातळी दिसते. एखादी पुंगळी आत काळोखी खोल गेलेली असेल, किंवा एखादीत पावडर मानेपर्यंत चढलेली असेल, तर ती शेजारणींमध्ये लगेच उठून दिसते. पाच जणी सारख्या आणि सहावी जराशी वेगळी असली, तरी ती रिकामी करून पुन्हा भर. मध्येच फोन वाजला, कुणी हाक मारली, तर हातातली पुंगळी पुन्हा ओतून टाकायची आणि उठायचं. ‘ही भरली होती की नाही?’ हा प्रश्न पडलाच, तर त्याचं उत्तर आठवणीत शोधायचं नाही.

तराजूबद्दल थोडंच. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. पंख्याचा झोत, डगमगतं टेबल, न तापलेला इलेक्ट्रॉनिक काटा, एवढ्यानेही आकडा सरकतो. अधूनमधून ठरावीक वजन ठेवून काटा तपास. आणि एकक पाहा. एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन असतात. बटण चुकून दाबलं गेलं आणि काटा ग्रॅममध्ये गेला, तर पुढचं सांगायला नको.

डायमध्ये पुंगळी अडकणं हे होणारच. वंगण कमी पडलं की ती चिकटते आणि जोर केलास तर बुडाची कड फाटून येते. मग बुडाला भोक पाडून, आटे पाडून, स्क्रू घालून ती ओढून काढावी लागते. वैताग आहे, धोका नाही. वंगण जास्त झालं तर पुंगळीच्या खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) खळगे पडतात, कारण अडकलेल्या तेलाला जायला वाट नसते. काम झाल्यावर ते वंगण पूर्ण पुसून काढ. तेलकट पुंगळी चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला धरून राहत नाही आणि बोल्टवर जास्त भार येतो.

खरा धोका खांदा गरजेपेक्षा मागे ढकलण्यात आहे. डाय प्रेसमध्ये पार खालपर्यंत फिरवून ठेवला, की पुंगळी प्रत्येक वेळी जास्त आखडते आणि झाडताना पुन्हा ताणते. पितळ पातळ होतं ते बुडाच्या जरा वर, आणि एक दिवस तिथूनच पुंगळी दोन तुकडे होते. बाहेरून कधी तिथे चकाकती रेघ दिसते, कधी नाही. म्हणून एक बारीक तार घे, टोकाला काटकोनात वाकव आणि टोक घासून टोकदार कर. झाडलेल्या पुंगळीत ती घालून टोक आतल्या भिंतीवरून बुडापासून वर ओढत आण. चांगल्या पुंगळीत ते सरळ येतं. जिथे खाच तयार झालीय तिथे ते अडखळतं आणि बोटांना कळतं. अशी पुंगळी पक्कडीने चेपूनच टाक, म्हणजे ती परत ढिगात मिसळणार नाही. बोल्टच्या रायफलसाठी झाडलेल्या पुंगळीच्या मापापेक्षा खांदा इंचाचा एक-दोन हजारांश मागे गेला तरी पुरतो. हे मोजायचं, अंदाजाने करायचं नाही.

लांबीही मोज. ०.३०८ विंचेस्टरची पुंगळी २.०१५ इंचांच्या वर गेली, की तिचं तोंड चेंबरच्या टोकाला टेकून गोळीला आवळून धरू शकतं आणि दाब वाढतो. लष्करी पुंगळ्या वापरणार असशील तर त्यांच्या भिंती अनेकदा जाड असतात. आतली जागा कमी, म्हणून तेच वजन तिथे जास्त दाब देतं.

प्रायमर बसवल्यावर प्रत्येक बुडावरून बोट फिरव. तो पृष्ठभागाच्या किंचित खाली लागायला हवा. वर राहिलेला प्रायमर स्वयंचलित भरणाऱ्या रायफलमध्ये बोल्ट बंद होतानाच उडू शकतो. प्रायमर जात नसेल तर दांड्यावर जोर देऊ नकोस. लष्करी पुंगळीत त्याच्या खाचेची कड चेपलेली असते, ती आधी साफ करावी लागते. हे काम चालू असताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

बोल्ट उचलायला जड गेला, तर पुढचं काडतूस झाडायचं नाही. चपटा झालेला प्रायमर कधी खरं सांगतो, कधी नाही, पण जड बोल्टकडे दुर्लक्ष करायला कारणच नसतं. थंडीत बसवलेला लोड कडक उन्हात जास्त दाब देऊ शकतो, हेही ध्यानात ठेव.

डब्यांवर तारीख, पावडर, वजन, गोळी, प्रायमर सगळं लिही. घरात दोन प्रकारच्या रायफली असतील तर हे जास्तच गरजेचं. ०.३०० ब्लॅकआउटचं काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये कधीकधी बसतं, आणि झाडलं तर रायफल फुटते. काम झाल्यावर हात साबणाने धू, टेबलावर खाणंपिणं नको. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं.

गोळी उपसायचा हातोडा पहिल्याच खरेदीत घे. शंकेचं काडतूस मोडायला तो जवळ नसेल, तर माणूस ते झाडूनच संपवतो.

पहिला लोड प्रत्येक वजनाची पाच काडतुसं असाच कर, जास्त नाही. झाडलेल्या पुंगळ्या घासूनपुसून आणू नकोस. वजनानुसार वेगळ्या ठेव, वहीसकट घेऊन ये. खांद्याची आणि लांबीची मापं आपण दोघं मिळून घेऊ आणि पुढचं वजन त्यावरून ठरवू.