पोकलेनने नदी वाहती होत नाही

लोकवर्गणी जमवून पोकलेनने गावची नदी खोल आणि रुंद केली तर ती पुन्हा वाहू लागेल का, आणि त्याला किती खर्च येईल, असे आपण विचारले आहे. खर्चाच्या हिशेबात शिरण्याआधी सांगतो, हे काम करू नका.

माण तालुक्यातील आमच्या गावात हेच झाले. ओढ्याच्या खोलीकरणाचा ठराव ग्रामसभेत आला तेव्हा माझ्या वडिलांनी एकट्याने विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, आपल्याकडे पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि त्याखालच्या काळ्या खडकाच्या फटींत. पावसाळा सरल्यावर तेच हळूहळू पाझरून ओढ्याला येते, म्हणून ओढ्याचा तळ विहिरींच्या पाणीपातळीखाली नेला तर विहिरींचेच पाणी ओढ्याने वाहून जाईल. या कामात पुढे असलेला माझा थोरला चुलतभाऊ भर सभेत म्हणाला, "तात्यांना गावाचे भले नको आहे." वाळू उपसली गेली, मुरूम काठावर टाकला गेला, पहिल्या पावसात तुडुंब भरलेल्या पात्राची छायाचित्रे तालुकाभर फिरली. संक्रांतीच्या सुमारास काठच्या विहिरींनी तळ गाठला आणि पुढच्या पुरात तो मुरूम पुन्हा पात्रात आला. पाऊसच कमी झाला, असे चुलतभाऊ आजही सांगतो. मात्र त्याच वर्षी डोंगरपायथ्याच्या, समतल चर आणि बांधबंदिस्ती झालेल्या शिवारातील विहिरींना चैत्रापर्यंत पाणी कसे टिकले, याचे उत्तर त्याने आजवर दिलेले नाही.

पाणी अडवण्या-मुरवण्याचे काम डोंगरमाथ्यापासून पायथ्याकडे करावे, हे आपल्याला ठाऊक असेलच. त्याहून अवघड भाग पाण्याच्या उपशाचा आहे. विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदरमधील नायगावातून पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा कोणाकडे किती जमीन आहे यावर न ठरवता माणशी अर्ध्या एकरापुरता, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरता असा ठरवला, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि ऊस वर्ज्य केला. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. राजस्थानात अरवरी नदीकाठच्या गावांनी १९९९ मध्ये नदीची संसद स्थापून उपशाचे नियम स्वतःवर घालून घेतले. म्हणून आपल्याकडे जो यंत्र आणण्याचा ठराव मांडेल, त्याच्याकडून आधी स्वतःच्या उसाचे क्षेत्र कमी करण्याचे लेखी घ्या. आमच्या सभेत वडिलांनी नेमके हेच मागितले होते आणि सभा तिथेच उधळली.

तापी-पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे थर जाड आहेत, तेथील भूजलाचे गणित वेगळे आहे. आपले गाव त्या भागात असेल तर भूवैज्ञानिकाला विचारूनच ठरवा. जुन्या बंधाऱ्यात साचलेला गाळ काढून शेतात पसरण्यालाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती नदीचा मूळ तळ फोडण्याला.