सिडनी बंदरातील दुपारच्या जेवणाची क्रूझ : टेबल आणि डेक यांचा मेळ कसा घालावा

आपण विचारले आहे की, सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि शाळकरी मुलगी यांच्यासह सिडनीत चार दिवस मुक्काम असताना दुपारच्या जेवणासह बंदर दाखवणाऱ्या क्रूझचे तिकीट काढावे, की साध्या फेरीबोटीने फिरून जेवण किनाऱ्यावरच करावे. आई-वडील शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत, आणि आईंना बोट लागण्याची भीती आहे, हेही आपण लिहिले आहे. माझ्या मते आई-वडील बरोबर असल्यामुळे क्रूझ घ्यावी. केवळ बंदर पाहण्यासाठी मात्र ती घेण्याचे कारण नाही, कारण पाण्यावरून दिसणारे बहुतेक सगळे साधी फेरीबोटही दाखवते. क्रूझच्या तिकिटात आपण पैसे मोजतो ते बसण्याच्या हक्काच्या जागेचे, हाताशी असलेल्या स्वच्छतागृहाचे, सावलीचे आणि कोणतीही घाई नसलेल्या दोन तासांचे.

या क्रूझमधली खरी अडचण अशी की, जेवण आणि बंदर ही दोन्ही एकाच वेळी समोर येतात. सर्क्युलर की या मुख्य धक्क्यावरून बोट सुटली की पहिल्या काही मिनिटांतच ऑपेरा हाउस आणि हार्बर ब्रिज हे दोन्ही अगदी जवळून दिसतात, आणि नेमक्या त्याच वेळी वाढपी पेयांची विचारणा करत टेबलाशी येतात किंवा बुफेची रांग सुरू होते. मंगलाष्टके चालू असतानाच पंगतीची पाने मांडावीत, तसा हा प्रकार आहे. म्हणून टेबल मिळाल्याबरोबर पर्स आणि पिशव्या आई-वडिलांच्या ताब्यात देऊन आपण आणि मुलीने सरळ वरच्या उघड्या डेकवर जावे. जेवण दहा मिनिटे उशिरा सुरू झाले तर काही बिघडत नाही. आई-वडिलांना जिना चढवत असेल तर त्यांनाही याच वेळी वर न्यावे, कारण जेवण झाल्यावर त्यांना उठावेसे वाटण्याची शक्यता कमी असते.

बोटीत कोठून चढायचे, यालाही महत्त्व आहे. काही क्रूझ आधी डार्लिंग हार्बरच्या बाजूच्या किंग स्ट्रीट धक्क्यावरून प्रवासी घेतात आणि नंतर सर्क्युलर कीला येतात. डार्लिंग हार्बर पुलाच्या पश्चिमेला आणि सर्क्युलर की पूर्वेला असल्यामुळे पहिल्या धक्क्यावर चढणारा प्रवासी पुलाखालून जातो आणि त्याला टेबलावर स्थिरावण्यासाठी वेळही मिळतो. सर्क्युलर कीला चढणाऱ्याच्या वाट्याला पुलाखालून जाणे येईलच असे नाही. आरक्षण करताना मार्ग आणि चढण्याचे धक्के विचारून घ्यावेत, आणि निवड करता येत असेल तर पहिला धक्का घ्यावा.

पुलाखालून जाताना त्याच्या आकाराची जी कल्पना येते, ती छायाचित्रांतून येत नाही. कमानीचा पल्ला ५०३ मीटर आहे आणि तिचा माथा समुद्रसपाटीपासून १३४ मीटर उंच आहे. दोन्ही किनाऱ्यांवरून कमानीचे दोन अर्धे भाग पोलादी दोरांनी मागे ओढून धरत पुढे पुढे बांधत नेले गेले, आणि ऑगस्ट १९३० मध्ये ते मधोमध जोडले गेले. पूल वाहतुकीस खुला झाला तो १९ मार्च १९३२ रोजी. दोन्ही टोकांना उभे असलेले दगडी मनोरे पुलाचा भार पेलत असावेत असा पाहणाऱ्याचा समज होतो, पण कमानीचा भार त्यांच्यावर नाही. ते मुख्यतः शोभेसाठी आहेत. मुलीला हे पुलाखाली असतानाच सांगावे आणि कमान जिथे टेकते ती जागा शोधायला लावावे.

ऑपेरा हाउसकडे पाहताना त्याच्या छताच्या कवचांच्या रंगाकडे लक्ष द्यावे. लांबून ती पांढरीशुभ्र दिसतात. जवळ गेल्यावर चकचकीत पांढऱ्या आणि मंद पिवळसर अशा दोन प्रकारच्या फरश्या ओळखू येतात. स्वीडनमध्ये तयार झालेल्या या फरश्यांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे. डॅनिश वास्तुविशारद योर्न उत्झॉन यांनी १९६६ मध्ये हे काम सोडले. २० ऑक्टोबर १९७३ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते इमारतीचे उद्घाटन झाले. उत्झॉन मात्र पूर्ण झालेली वास्तू प्रत्यक्ष पाहायला पुन्हा कधी ऑस्ट्रेलियात आले नाहीत. २००७ मध्ये या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. जमिनीवरून तिची एकेक बाजूच दिसते, तर ती जिथे उभी आहे त्या बेनेलाँग पॉइंट या भूशिराला बोट वळसा घालत असताना कवचे एकमेकांमागून सरकत उलगडत जातात, आणि हे पाहण्यासाठी पाण्यावरच असावे लागते.

आपल्याकडून येणाऱ्यांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे तिथला सूर्य. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, त्यामुळे सर्क्युलर कीच्या काठावर उभे राहून पाण्याकडे पाहिले तर ऊन डोळ्यांवर येते, आणि बोटीतून शहराकडे वळून पाहिले तर तेच ऊन आपल्या पाठीमागून येऊन ऑपेरा हाउस आणि उंच इमारतींवर पडते. दुपारच्या क्रूझवर शहराची छायाचित्रे चांगली येतात, त्यामागे हे साधे कारण आहे. जून-जुलैमध्ये भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम तेहतीस अंश वर येतो, म्हणून उजेड तिरपा आणि मऊ असतो. डिसेंबर-जानेवारीत तो जवळजवळ डोक्यावर येतो, छायाचित्रे सपाट वाटतात आणि उघड्या डेकवर फार वेळ उभे राहणे त्रासाचे होते. तिथली अतिनील किरणे तीव्र असतात, तेव्हा थंड वारा सुटलेला असला तरी टोपी आणि सनस्क्रीन लागतेच. टोपी हनुवटीखाली बांधता येणारी असावी. साधी टोपी डेकवर टिकत नाही.

खिडकीजवळच्या टेबलासाठी बहुधा जास्त पैसे पडतात आणि उजवी बाजू घ्यावी की डावी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. बोट पूर्वेकडे समुद्राच्या दिशेने जाते तेव्हा उजवीकडे दक्षिण किनारा असतो, म्हणजे वनस्पती उद्यान, नौदलाचा तळ आणि श्रीमंत वस्त्यांचे उपसागर. डावीकडे उत्तर किनारा असतो, म्हणजे किरिबिली, टारोंगा प्राणिसंग्रहालय आणि ब्रॅडलीज हेडची झाडी. परतताना हे सगळे उलटे होते. एका बाजूला बसून दोन्ही किनारे पाहता येतात, त्यामुळे बाजूसाठी हटून बसण्यात अर्थ नाही. खिडकीसाठी मात्र आई-वडिलांच्या दृष्टीने जास्तीचे पैसे द्यावेत असे मला वाटते, कारण त्यांचा बहुतेक वेळ टेबलावरच जाणार आहे आणि मधल्या टेबलावरून इतरांच्या डोक्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही.

जेवायला बसण्याची योग्य वेळ फोर्ट डेनिसन मागे पडल्यावरची. हा छोटा किल्ला चुकवू नये. मूळच्या या खडकाळ बेटावर वसाहतीच्या सुरुवातीच्या काळात अपराधी कैद्यांना तुटपुंज्या अन्नावर ठेवले जाई, आणि त्यावरून बेटाला पडलेले ‘पिंचगट’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. आज दिसणारा गोल मनोऱ्याचा किल्ला १८५७ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या दक्षिणेला गार्डन आयलंड हा नौदलाचा तळ आहे; नावात बेट असले तरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठी गोदी बांधताना ते मुख्य भूमीला जोडले गेले. ३१ मे १९४२ च्या रात्री जपानच्या तीन छोट्या पाणबुड्या या बंदरात शिरल्या होत्या. त्यांपैकी एकीने सोडलेल्या पाणतीराने गार्डन आयलंडपाशी उभी असलेली ‘कुट्टाबुल’ ही फेरीबोट बुडाली आणि तिच्यावर मुक्कामाला असलेले २१ नौसैनिक मृत्युमुखी पडले.

यानंतर डावीकडे ब्रॅडलीज हेडच्या टोकाला एक उंच डोलकाठी दिसते. ती ‘सिडनी’ नावाच्या युद्धनौकेची आहे. या नौकेने नोव्हेंबर १९१४ मध्ये कोकोस बेटांजवळ ‘एम्डेन’ या जर्मन नौकेला निकामी केले. त्याच एम्डेनने दीड-पावणेदोन महिने आधी, २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री, मद्रासवर तोफा डागून तिथल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या. आपल्या वडिलांना इतिहासाची आवड असेल, तर या डोलकाठीसाठी त्यांना टेबलावरून जरूर उठवावे. ध्वनिक्षेपकावरची माहिती पुष्कळदा किनाऱ्यावरच्या बंगल्यांच्या किमतींवरच रेंगाळते, आणि हा दुवा त्यात बहुधा नसतो.

ब्रॅडलीज हेडच्या पुढे बंदर रुंद होते आणि दृश्य संथपणे बदलू लागते. रोझ बे, व्होक्लूझ, वॉटसन्स बे हा सगळा पट्टा टेबलावरून आरामात पाहता येतो, आणि मुख्य जेवण याच वेळेत उरकावे. एरवी हे बंदर एवढे फाटे फुटलेले का आहे, याचा उलगडाही इथेच होतो : हे मुळात नदीचे खोरे आहे. शेवटचे हिमयुग ओसरताना समुद्राची पातळी वाढली आणि खोरे पाण्याखाली गेले. आजचे उपसागर म्हणजे तेव्हाच्या उपनद्यांच्या दऱ्या, आणि बेटे म्हणजे बुडायच्या राहिलेल्या टेकड्या.

आईंच्या भीतीविषयी. जेवणाच्या क्रूझ सहसा बंदराच्या आतच फिरतात. समुद्राच्या लाटा आत येतात त्या नॉर्थ हेड आणि साउथ हेड या दोन कड्यांमधल्या मुखातून, आणि बोट त्या रेषेपर्यंत गेली नाही तर हेलकावे फारच कमी असतात. मॅनली या समुद्रकाठच्या उपनगराला जाणारी साधी फेरीबोट मात्र याच मुखासमोरून आडवी जाते, आणि दक्षिणेकडून लाटा येत असतील तर ती चांगलीच डुलते. म्हणून ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी मॅनलीपेक्षा क्रूझ बरी. खिडकीचे टेबल खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या लांबीच्या मध्याजवळ मागावे, कारण तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. औषध घ्यायचे असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी घ्यावे. मळमळ सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर ईशान्येचा वारा वाढत जातो आणि एखाद्या दिवशी दक्षिणेकडून थंड वाऱ्याची जोरदार लाट अचानक येते, तेव्हा हवामानाचा अंदाज आदल्या संध्याकाळी पाहून ठेवावा आणि दिवस बदलण्याची मुभा असलेलेच तिकीट घ्यावे.

शाकाहाराबाबत ‘व्हेजिटेरियन’ एवढाच शब्द सांगून थांबू नये. तिथल्या समजुतीप्रमाणे त्यात अंडे चालते. पाव्हलोव्हा हा तिथला लाडका गोड पदार्थ तर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचाच असतो, आणि पॅना कोटासारख्या पदार्थांत प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन असते. आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे की मांस, मासे, अंडे आणि जिलेटिन चालत नाही, दूध चालते. आणि बोटीवर चढल्यावर वाढप्याला त्याची पुन्हा आठवण करून द्यावी, कारण बोटीवरच्या छोट्या स्वयंपाकघरात ऐनवेळी वेगळे काही करून देणे त्यांना जमत नाही. बुफे आणि ताटात वाढलेले जेवण यांत निवड असेल, तर आपल्यासाठी ताटातलेच चांगले : पदार्थ आधी ठरलेला असतो, एकच डाव सगळ्या भांड्यांतून फिरत नाही, आणि आई-वडिलांना हलत्या बोटीवर ताट सांभाळत रांगेत उभे राहावे लागत नाही. तरीही सकाळची न्याहारी पोटभर झालेली असावी. या क्रूझवरचे शाकाहारी जेवण बरे असते. केवळ त्यासाठी जावे असे नसते.

धक्क्यावरच्या उताराचाही विचार करावा. भरती-ओहोटीप्रमाणे बोटीची पातळी बदलते, आणि ओहोटीच्या वेळी उतरती फळी बरीच तीव्र होते. गुडघ्यांचा त्रास असल्यास कर्मचाऱ्यांना आधी सांगावे. ते हात धरून नेतात आणि अशा प्रवाशांना बऱ्याचदा आधी आत घेतात. त्यासाठी सुटण्याच्या वेळेआधी अर्धा तास तरी धक्क्यावर असावे.

पैशांच्या दृष्टीने चौघांची क्रूझ आणि चौघांचा फेरीबोटीचा प्रवास यांची तुलनाच होत नाही. फेरीबोटीवर ओपल हे तिथल्या सार्वजनिक वाहतुकीचे कार्ड किंवा बँकेचे संपर्करहित कार्ड चालते, आणि शुक्रवार ते रविवार दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा इतर दिवसांपेक्षा कमी असते. चार दिवस हाताशी असल्यामुळे मी असे करीन : एका दिवशी आई-वडिलांसह दुपारची क्रूझ, आणि शनिवारी किंवा रविवारी आपण व मुलीने फेरीबोटीने वॉटसन्स बेला जाऊन साउथ हेडच्या टोकापर्यंत चालत जाणे. तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे हॉर्नबी दीपगृह आहे. १८५७ मध्ये ‘डनबार’ हे जहाज रात्रीच्या वादळात बंदराचे मुख न सापडल्याने या कड्यांवर आदळले, १२१ जण बुडाले आणि एकच जण वाचला; त्यानंतर पुढच्याच वर्षी हे दीपगृह उभारले गेले. क्रूझवरून मुख लांबूनच दिसते, इथे मात्र आपण त्याच्या अगदी वर उभे असतो.

क्रूझचा दिवस ठरवण्याआधी सिडनीच्या बंदर प्रशासनाने प्रसिद्ध केलेले प्रवासी जहाजांचे वेळापत्रक पाहून घ्यावे. सर्क्युलर कीच्या पश्चिम काठावर महाकाय प्रवासी जहाज उभे असले, तर त्या बाजूने पुलाचे दृश्य बरेचसे झाकले जाते आणि धक्क्याच्या परिसरात गर्दीही पुष्कळ होते. मुलीला असे जहाज जवळून पाहायचे असेल तर तोच दिवस निवडावा. एरवी जहाज नसलेला, आणि शक्यतो सोमवार ते गुरुवारमधला दिवस घ्यावा.